ब्रिटनमध्ये कुणालाही कॅथलिक होता येतं, मग राजालाच का नाही?

२३ ऑक्टोबर २०२५ ला व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचे फोटो जगभर फिरले. एकीकडे पोप लिओ चौदावे, दुसरीकडे ब्रिटनचे राजे चार्ल्स तिसरे आणि राणी कॅमिला, वर छतावर मायकेलअँजेलोची चित्रं. सृष्टीची काळजी घ्या, असा प्रार्थनेचा विषय होता. त्यात वादग्रस्त काहीच नव्हतं.

तरी त्याची मोठी बातमी झाली. कारण इंग्लंडने रोमशी नातं तोडल्यानंतर, म्हणजे जवळपास पाचशे वर्षांत, तिथल्या राजाने पोपबरोबर जाहीरपणे प्रार्थना करण्याची ही पहिलीच वेळ होती.

आता प्रश्न पडतो की दोघंही ख्रिश्चन, दोघांचा येशू एकच, बायबल एकच. मग एकत्र प्रार्थना करायला एवढी शतकं का लागली?

याचं उत्तर एका जुन्या कायद्यात आहे आणि तो कायदा आजही लागू आहे. ब्रिटनमध्ये सामान्य माणूस हिंदू, मुस्लीम, शीख, कॅथलिक, नास्तिक काहीही असू शकतो. ऋषी सुनक हिंदू असूनही पंतप्रधान झाले. पण राजा कॅथलिक होऊ शकत नाही. १६८९ चं 'बिल ऑफ राइट्स' सांगतं की राजाने रोमच्या चर्चशी समेट केला किंवा त्या चर्चचं कम्युनियन घेतलं, तर त्याची गादी गेली. कशी गेली? तर कायद्याच्या नजरेत तो माणूस मेला असं धरायचं आणि मुकुट पुढच्या प्रोटेस्टंट वारसाकडे द्यायचा. माणूस जिवंत, पण कायद्याच्या लेखी मेलेला.

सिस्टिन चॅपेलमध्ये जे झालं ती प्रार्थना होती, मिस्सा नव्हती. कम्युनियनचा प्रश्न आला नाही, त्यामुळे कायद्याचाही आला नाही.

हा कायदा असा का झाला, हे समजून घ्यायचं तर ज्याला मुंबई आंदण मिळाली त्या राजापर्यंत जावं लागतं. पण त्याच्याही आधी थोडं आठव्या हेन्रीबद्दल.

पोपने दिलेली पदवी आणि नाण्यावरचं 'एफ. डी.'

आठव्या हेन्रीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्याला मुलगा हवा होता, बायकोशी काडीमोड हवा होता, पोप देईना, मग त्याने १५३४ मध्ये कायदा करून स्वतःलाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख केलं. सिनेमे आणि सिरियल यावरच निघाल्या आहेत.

कमी माहीत असलेला भाग असा की हाच हेन्री आधी पोपचा लाडका होता. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने कॅथलिक चर्चविरुद्ध बंड केलं तेव्हा हेन्रीने ल्यूथरचं खंडन करणारं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं. खूश होऊन पोप लिओ दहाव्यांनी १५२१ मध्ये त्याला 'फिदेई डिफेन्सोर', म्हणजे धर्मरक्षक, ही पदवी दिली. पुढे भांडण झाल्यावर रोमने ती काढून घेतली. हेन्रीने काय करावं? आपल्या पार्लमेंटकडून तीच पदवी परत मिळवली!

ब्रिटनची नाणी आजही पाहा. राजाच्या नावापुढे 'एफ. डी.' ही दोन अक्षरं असतात. आपल्याला एफडी म्हटलं की बँकेची पावती आठवते, तिथे ती पोपने कॅथलिक धर्म वाचवल्याबद्दल दिलेली पदवी आहे आणि ती मिरवतो प्रोटेस्टंट राजा.

हेन्री स्वतः मनाने प्रोटेस्टंट झालाच नव्हता. मिस्सा, पापनिवेदन, धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य हे सगळं त्याला हवं होतं, फक्त वर पोप नको होता. त्यामुळे प्रजेची पंचाईत झाली. ३० जुलै १५४० या एकाच दिवशी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये सहा जणांना मारण्यात आलं. त्यातले तिघे फार प्रोटेस्टंट म्हणून जाळले आणि तिघे पोपला मानतात म्हणून फाशी देऊन चिरले. राजाचा धर्म नेमका जिथे उभा होता तिथून इकडे सरकलात तरी मरण, तिकडे सरकलात तरी मरण.

पुढच्या वीसएक वर्षांत हा लंबक किती वेळा हलला ते बघा. हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड कट्टर प्रोटेस्टंट. त्याच्यानंतर बहीण मेरी आली, ती कट्टर कॅथलिक. तिच्या राज्यात सुमारे २८० प्रोटेस्टंट जाळले गेले. मग पहिली एलिझाबेथ आली आणि देश पुन्हा प्रोटेस्टंट. १५७० मध्ये पोपने तिला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला तिची आज्ञा मानण्यातून मोकळं केलं. यानंतर इंग्लंडमधला प्रत्येक कॅथलिक संभाव्य देशद्रोही ठरला. १५८१ चा कायदा सांगत होता की कुणाला कॅथलिक करून घेणं आणि कुणी कॅथलिक होणं, दोन्ही देशद्रोह. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूचं इंग्लंडमध्ये नुसतं असणंच देशद्रोह ठरवलं.

हे दोन्ही कायदे लक्षात ठेवा. पुढे एका राजाच्या बेडरूममध्ये ते दोन्ही मोडले जाणार आहेत.

लपायची जागा

१६४९ मध्ये इंग्लंडने आपल्या राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं उडवलं. त्याचा मुलगा चार्ल्स, जो पुढे दुसरा चार्ल्स झाला, तो १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत हरला आणि पळत सुटला. वय २१ वर्षं. पकडून देणाऱ्याला हजार पौंडांचं बक्षीस. उंची सहा फुटांच्या वर, म्हणजे लपणंही अवघड.

त्याला वाचवलं कुणी? मोठ्या प्रमाणात कॅथलिकांनी. पेंडेरेल नावाचे गरीब भाऊ, एक मध्यमवर्गीय जमीनदार आणि जॉन हडलस्टन नावाचे एक धर्मगुरू. आणि याचं कारण फार साधं होतं, कॅथलिकांच्या घरात लपायच्या जागा तयार होत्या. धर्मगुरूंना पकडायला शिपाई यायचे म्हणून या लोकांनी भिंतीत, फरशीखाली, धुराड्याशेजारी चोरखोल्या करून ठेवल्या होत्या. ज्या राजसत्तेच्या भीतीने त्या खोल्या बांधल्या, त्याच राजसत्तेचा वारस आता त्यात अंग चोरून बसला.

मोझ्ले हॉल नावाच्या घरात हडलस्टन आणि चार्ल्सची भेट झाली. दुसऱ्याचे लहान बूट घालून चालल्यामुळे राजपुत्राचे पाय रक्तबंबाळ झाले होते. हडलस्टननी ते धुतले, कोरडे मोजे दिले. घरातली छोटी प्रार्थनेची खोली दाखवली, आपली पुस्तकं वाचायला दिली. तेव्हा चार्ल्स म्हणाला होता की मी गादीवर आलो तर तुम्हा लोकांना असं लपावं लागणार नाही.

नऊ वर्षांनी, १६६० मध्ये, तो खरंच गादीवर आला.

मुंबईचं आंदण

१६६१ मध्ये चार्ल्सचं लग्न पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा हिच्याशी ठरलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात ती एका ओळीत येते. तिच्या लग्नात पोर्तुगीजांनी मुंबई बेटं इंग्रजांना आंदण दिली. सोबत आफ्रिकेतलं टँजिअर आणि रोख रक्कमही होती. चार्ल्सला मुंबईचं फार काही कौतुक नव्हतं, १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

पुस्तकात न येणारी गोष्ट म्हणजे वधू कॅथलिक होती आणि लग्न दोनदा लागलं. मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला आधी गुपचूप कॅथलिक पद्धतीने आणि मग सगळ्यांसमोर अँग्लिकन पद्धतीने.

लग्नाच्या त्याच करारात मुंबईसाठी एक कलम होतं. बेटांवरच्या रहिवाशांना आपला कॅथलिक धर्म मोकळेपणाने पाळता येईल, असं त्यात लिहून दिलं होतं. दादरच्या ज्या ठिकाणाला आजही लोक 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात, तिथलं मूळ चर्च इंग्रज यायच्या आधीपासूनचं आहे. म्हणजे दादर-माहीमच्या कॅथलिकाला मिस्सेला जायची राजाने लेखी हमी दिली होती. लंडनच्या कॅथलिकाला तेच केलं तर दंड होता, आणि मिस्सा देणाऱ्या इंग्रज धर्मगुरूला फाशी.

याच तहातून पुढे काय काय झालं हा वेगळा विषय, पण राजाच्या मनात काय चाललंय याचा इथे पहिला अंदाज येतो.

राजाने विकलेलं गुपित

राजाची आई फ्रेंच कॅथलिक. बायको कॅथलिक. भाऊ जेम्स १६६० च्या दशकाच्या शेवटी मनाने कॅथलिक झालेला. आणि मामेभाऊ म्हणजे फ्रान्सचा चौदावा लुई, युरोपातला सगळ्यात ताकदवान कॅथलिक राजा.

१६७० मध्ये डोव्हर बंदरात चार्ल्स आणि लुई यांच्यात एक गुप्त करार झाला. मध्यस्थी चार्ल्सच्या बहिणीने केली, ती लुईच्या भावाची बायको होती. या करारात चार्ल्सने लिहून दिलं की मला कॅथलिक धर्म खरा वाटतो आणि राज्याची परिस्थिती परवानगी देईल तेव्हा मी तसं जाहीर करेन. बदल्यात लुई पैसे देणार होता आणि लोकांनी बंड केलंच तर ६,००० फ्रेंच सैनिक पाठवणार होता.

दुसऱ्या देशाचं सैन्य आपल्याच प्रजेवर आणायचं वचन! हे बाहेर आलं असतं तर चार्ल्सचीही मान गेली असती. म्हणून त्याने आणखी एक शक्कल लढवली. त्याच वर्षाच्या शेवटी धर्माचं कलम गाळून दुसरा करार केला आणि आपल्या प्रोटेस्टंट मंत्र्यांकडून त्यावर सह्या घेतल्या. बिचाऱ्यांना वाटलं हाच खरा करार. खऱ्या कराराचा मजकूर शंभराहून जास्त वर्षं लोकांसमोर आला नाही.

चार्ल्सला खरंच कॅथलिक व्हायचं होतं, की फक्त लुईचे पैसे हवे होते? इतिहासकारांमध्ये यावर आजही एकमत नाही. पैसे त्याने घेतले. जाहीर मात्र काहीच केलं नाही. 'परिस्थिती परवानगी देईल तेव्हा' या शब्दांचा जगातला कुठलाही राजकारणी जो उपयोग करेल तोच त्याने केला.

१६७२ मध्ये त्याने कॅथलिकांवरचे निर्बंध हटवून पाहिले. पार्लमेंटने पैसे रोखून धरले आणि पुढच्याच वर्षी त्याला माघार घ्यावी लागली. उलट १६७३ मध्ये 'टेस्ट ॲक्ट' आला. सरकारी पदावर बसायचं असेल तर अँग्लिकन चर्चमध्ये कम्युनियन घ्या आणि कॅथलिक सिद्धांत नाकारणारी शपथ घ्या. जेम्सने ते केलं नाही. त्याने नौदलाचं सर्वोच्च पद सोडलं आणि साऱ्या देशाला कळलं की राजाचा भाऊ कॅथलिक आहे. राजाला औरस मूल नव्हतं. म्हणजे पुढचा राजा कॅथलिक.

निर्दोष आहेत हे माहीत असताना

या भीतीच्या वातावरणात १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाचा एक माणूस पुढे आला. आधी अँग्लिकन पाद्री, मग कॅथलिक, मग पुन्हा अँग्लिकन, सगळीकडून हाकललेला. त्याने सांगितलं की जेझुइट लोकांनी राजाला मारायचा कट केलाय. याला 'पोपिश प्लॉट' म्हणतात. आजच्या भाषेत सांगायचं तर ही एक जबरदस्त व्हायरल झालेली फेक न्यूज होती.

चार्ल्सने ओट्सची उलटतपासणी स्वतः केली. ओट्स म्हणाला की मी स्पेनच्या डॉन जॉनला भेटलो. राजाने विचारलं, दिसतो कसा? ओट्सने काहीतरी वर्णन केलं. राजा डॉन जॉनला ओळखत होता, ते वर्णन अजिबात जुळत नव्हतं. हा माणूस खोटारडा आहे हे राजाला तिथेच कळलं.

पण लंडन पेटलं होतं. लोक हत्यारं घेऊन फिरत होते, पार्लमेंट ओट्सला पेन्शन देत होतं. खुद्द राणी कॅथरीन नवऱ्याला विष देणार होती, असाही आरोप झाला. तिला घटस्फोट द्यायला चार्ल्सने साफ नकार दिला आणि शेवटपर्यंत तिची बाजू सोडली नाही. तिला फसवून डझनभर अनौरस मुलं जन्माला घालणाऱ्या या नवऱ्याच्या खात्यावर ही एक गोष्ट जमा करावी लागते.

बाकीच्यांचं नशीब तेवढं नव्हतं. वीसहून अधिक माणसं या खोट्या कटासाठी मारली गेली. त्यांच्या मृत्युपत्रांना राजाची संमती लागायची आणि राजाने ती दिली. शेवटचे होते ऑलिव्हर प्लंकेट, आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप. १ जुलै १६८१ ला लंडनच्या टायबर्नला त्यांना फाशी देऊन चिरण्यात आलं. ते निर्दोष आहेत असं राजाच्या आयर्लंडमधल्या माजी प्रतिनिधीनेच येऊन सांगितलं होतं. त्यावर चार्ल्स त्याच्यावरच भडकला, की हे तू खटल्यात सांगायचं होतंस, मला माफी द्यायची हिंमत नाही. कॅथलिक चर्चने प्लंकेट यांना १९७५ मध्ये संत घोषित केलं.

कॅथलिक धर्म खरा आहे असं फ्रान्सच्या राजाला लिहून देणारा माणूस तोच धर्म पाळणाऱ्यांच्या फाशीवर संमती देत होता. चार्ल्सला 'मेरी मोनार्क', मौजमजेचा राजा म्हणतात. नाटकं, कुत्री, घोडे, प्रेयसी या सगळ्यात हा भाग बऱ्याचदा मागे पडतो.

मागच्या जिन्याने आलेले फादर

फेब्रुवारी १६८५. चार्ल्सला झटका आला. डॉक्टरांनी रक्त काढलं, तापलेली लोखंडं लावली, काय काय पाजलं. अँग्लिकन बिशप पुन्हा पुन्हा विचारत होते, महाराज, कम्युनियन घेणार का? महाराज म्हणायचे, बघू, अजून वेळ आहे.

फ्रेंच राजदूताला राजाच्या एका कॅथलिक प्रेयसीने सांगितलं की राजा मनाने कॅथलिक आहे, त्याला असं मरू देऊ नका. निरोप जेम्सकडे गेला. जेम्स भावाच्या कानाशी वाकला आणि विचारलं, धर्मगुरू आणू का? चार्ल्सने हो म्हटलं.

पण आणायचं कुणाला? राजवाड्यात अँग्लिकन बिशप भरलेले. राणीचे धर्मगुरू बहुतेक पोर्तुगीज, इंग्रजीत पापनिवेदन ऐकणार कोण? शेवटी राणीच्याच पदरी असलेले एक म्हातारे इंग्रज फादर सापडले.

जॉन हडलस्टन. तेच, ३४ वर्षांपूर्वी पाय धुणारे.

पोपिश प्लॉटच्या धुमाकुळातही, राजाचा जीव वाचवला म्हणून पार्लमेंटने त्यांना अभय दिलं होतं. ५ फेब्रुवारीच्या रात्री त्यांना विग आणि अँग्लिकन पाद्र्याचा झगा घालून मागच्या जिन्याने आणि चोरदारातून राजाच्या खोलीत नेण्यात आलं. जेम्सने बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त दोन विश्वासू सरदार राहिले, दोघेही प्रोटेस्टंट. या माणसाने एकदा तुमचा जीव वाचवला, आता तो तुमचा आत्मा वाचवायला आलाय, अशा अर्थाचं काहीतरी जेम्स म्हणाला, असं सांगतात.

सुमारे पाऊण तास दार बंद होतं. पापनिवेदन झालं, कम्युनियन झालं, अंत्यसमयीचं तेल लावून झालं. कायद्याप्रमाणे त्या खोलीत त्या रात्री देशद्रोह घडला होता. कॅथलिक करून घेणारे फादर गुन्हेगार आणि कॅथलिक होणारा, चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च गव्हर्नर, तोही गुन्हेगार.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास चार्ल्स गेला. ज्या माणसाला चोरखोली दाखवणाऱ्यांना त्याने 'तुम्हाला लपावं लागणार नाही' असं म्हटलं होतं, तोच माणूस शेवटी त्याच्याकडे वेष पालटून चोरदाराने आला.

भावाने लपवलं नाही

जेम्स दुसरा गादीवर आला तो उघड कॅथलिक म्हणून. भावाच्या कपाटात सापडले म्हणून त्याने दोन कागद छापले. कॅथलिक चर्चची बाजू मांडणारे हे कागद चार्ल्सने स्वतः लिहिले होते, असा त्याचा दावा. ते खरंच त्याचे होते का, यावर शंका घेणारे तेव्हाही होते.

जेम्सची मागणी आज वाचली तर आधुनिक वाटते. १६८७ मध्ये त्याने कॅथलिकांसकट सगळ्यांनाच धर्मस्वातंत्र्य जाहीर केलं. अडचण अशी की ते त्याने पार्लमेंटला बाजूला सारून, स्वतःच्या हुकमाने केलं. आणि फ्रान्समध्ये लुईने नुकताच, १६८५ मध्ये, प्रोटेस्टंटांचा धर्महक्क काढून घेतला होता. तिथून जीव मुठीत धरून पळालेले लोक लंडनच्या गल्ल्यांमध्ये राहत होते. कॅथलिक राजाचं धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय असतं, याची त्यांची साक्ष ताजी होती.

सात बिशपांनी फर्मान वाचून दाखवायला नकार दिला. राजाने त्यांच्यावर खटला भरला आणि ज्युरीने त्यांना सोडलं. त्याच जून १६८८ मध्ये राजाला मुलगा झाला. आधीच्या दोन मुली प्रोटेस्टंट म्हणून वाढलेल्या, म्हणून लोक इतके दिवस सहन करत होते. आता कॅथलिक वारस आला. हे बाळ राणीचं नाहीच, अंथरूण गरम करायच्या भांड्यातून कुणाचं तरी पोर आत आणलं, अशी अफवा पसरली. लोकांचा त्यावर विश्वासही बसला.

पुढाऱ्यांनी हॉलंडच्या विल्यमला पत्र पाठवलं. विल्यम हा जेम्सचा भाचा आणि जावईही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही, पण मामाचं राज्य घ्यायला भाचा फौज घेऊन आला, हे जरा जास्तच झालं. जेम्स फ्रान्सला पळाला. आणि १६८९ मध्ये तो कायदा आला, ज्यात कॅथलिक राजा मेलेला मानायचा असतो. राजाने कॅथलिक व्यक्तीशी लग्नही करायचं नाही, हेही त्यात होतं.

१७०१ मध्ये त्यावर आणखी एक कुलूप लावलं. राजाने चर्च ऑफ इंग्लंडच्या कम्युनियनमध्ये असलंच पाहिजे. १७१४ मध्ये राणी ॲन वारली तेव्हा रक्ताच्या नात्याने जवळचे पन्नासहून अधिक लोक कॅथलिक म्हणून बाजूला सारले गेले आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरहून पहिला जॉर्ज आणला गेला. इंग्रजीची त्याला जेमतेम ओळख. धर्माने ल्यूथरन. ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहून मिळवलेली धर्मरक्षकाची पदवी शेवटी ल्यूथरच्याच अनुयायाच्या नावापुढे लागली!

आता काय उरलंय?

प्रजेवरची बंधनं हळूहळू गेली. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायला १८२९ उजाडलं. तिसऱ्या जॉर्जने त्याआधी ते अडवून धरलं होतं, का तर राज्याभिषेकाची शपथ मोडेल म्हणून. नव्या राजाने कॅथलिक मिस्सा ही अंधश्रद्धा आणि मूर्तिपूजा आहे असं जाहीरपणे म्हणायचं, ही प्रथा तर १९१० पर्यंत होती. पाचव्या जॉर्जच्या वेळी ते शब्द बदलले. आता राजा एवढंच म्हणतो की मी निष्ठावान प्रोटेस्टंट आहे.

६ मे २०२३ ला चार्ल्स तिसऱ्यांनी राज्याभिषेकात तेच म्हटलं. १९९४ मध्ये याच चार्ल्सनी मुलाखतीत सांगितलं होतं की मला एकाच धर्माचा नव्हे, तर श्रद्धेचाच रक्षक व्हायला आवडेल. तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. अभिषेकाच्या वेळी हिंदू, मुस्लीम, ज्यू आणि शीख खासदारांनी राजचिन्हं त्यांच्या हाती दिली आणि ऋषी सुनकनी बायबलमधला उतारा वाचला. शपथेचे शब्द मात्र प्रोटेस्टंट धर्म टिकवण्याचेच राहिले.

लग्नाचं बंधन २०१३ च्या कायद्याने गेलं, तो २०१५ मध्ये लागू झाला. त्यात एक मजेशीर गोष्ट होती. जुना कायदा फक्त कॅथलिक जोडीदाराला नाही म्हणत होता. राजपुत्राने मुस्लीम किंवा हिंदू मुलीशी लग्न केलं असतं तर त्याचा हक्क गेला नसता. प्रिन्स मायकेल ऑफ केंट यांनी १९७८ मध्ये कॅथलिक बाईंशी लग्न केलं आणि वारसांच्या यादीतून बाहेर पडले. ३७ वर्षांनी ते परत यादीत आले.

त्यांचे थोरले भाऊ ड्यूक ऑफ केंट यांच्या घरातली गोष्ट तर अलीकडची आहे. त्यांची पत्नी कॅथरीन १९९४ मध्ये कॅथलिक झाल्या. लग्नाच्या वेळी त्या अँग्लिकन होत्या म्हणून ड्यूक यादीत टिकले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या वारल्या. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये, म्हणजे शेजारच्या प्रसिद्ध ॲबीत नाही तर कॅथलिक कॅथेड्रलमध्ये, मिस्सा होऊन त्यांना निरोप दिला गेला आणि राजे चार्ल्स तिथे हजर होते.

त्यांचा धाकटा मुलगा लॉर्ड निकोलस २००१ मध्ये कॅथलिक झाला. बायको कॅथलिक असलेल्या काकांचं नाव २०१५ मध्ये यादीत परत आलं. स्वतः कॅथलिक असलेल्या निकोलसचं आलं नाही. कायद्याच्या त्या ओळीला २०१३ मध्येही कुणी हात लावला नव्हता.